दिव्याखालचा तपकिरी पतंग कोणता? ॲग्रोटिस इप्सिलॉनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतंग ओळखून देणाऱ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी निम्म्यांखाली हेच लिहिलेलं असतं: "तपकिरी आहे, मध्यम आकाराचा, नाव सांगा." या वर्णनात बसणारे पतंग हजारोंनी आहेत, त्यामुळे रंगावरून काही ठरत नाही. पण त्यातला एक पतंग नीट पाहिला तर नवशिक्यालाही ओळखता येतो, आणि तो जगाच्या बहुतेक भागांत दिव्यावर येतो. त्याच्याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा पतंग नक्की कोणता?

शास्त्रीय नाव ॲग्रोटिस इप्सिलॉन. नॉक्टुइडी कुळातला. जर्मन अभ्यासक हुफ्नागेल याने १७६६ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ४० ते ५५ मिलिमीटर भरतात. अंग जाडसर, छातीवर लोकरीसारखे दाट खवले. बसताना पंख एकमेकांवर सपाट सरकवून ठेवतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा अरुंद आणि लांबट दिसतो. भिंतीला चिकटलेली लाकडाची ढलपी वाटावी असा.

शेतकरी मात्र याला पतंग म्हणून क्वचितच ओळखतात. त्यांची ओळख त्याच्या अळीशी असते: रोपं कुरतडणारी अळी, म्हणजेच कटवर्म.

एकच खूण सांगायची झाली तर कोणती?

पुढच्या पंखावरची काळी कट्यार.

नॉक्टुइडी कुळातल्या बहुतेक पतंगांच्या पुढच्या पंखावर दोन ठिपके असतात. अंगाच्या बाजूचा गोलसर, आणि त्याच्या पलीकडे, पंखाच्या टोकाच्या बाजूला, काजूच्या आकाराचा. इप्सिलॉनमध्ये या काजूच्या बाहेरच्या कडेला चिकटून एक गडद काळी, टोकदार रेघ निघते आणि पंखाच्या कडेकडे रोखलेली असते. हीच कट्यार. आता पंखाच्या कडेकडून आत या. तिथे दोन बारीक काळे बाण उलट दिशेने, म्हणजे कट्यारीकडे तोंड करून उभे असतात. एक कट्यार बाहेर रोखलेली, दोन बाण आत रोखलेले. ही त्रयी दिसली की माझ्यापुरतं नाव पक्कं होतं.

दुसरी खूण रंगछटेची. पंखाचा अंगाकडचा दोन तृतीयांश भाग गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळा, आणि टोकाकडचा पट्टा फिका. दुरून पाहिलं तर गडद कोट आणि त्याला फिकी किनार. मागचे पंख पांढुरके-राखाडी, मोत्यासारखी झाक असलेले. शिरा गडद आणि कडेला थोडा धुरकटपणा. बसलेल्या पतंगाचे मागचे पंख झाकलेले असतात, म्हणून फोटोत ते दिसतीलच असं नाही.

माझ्या फोटोत कट्यार दिसत नाही. मग तो दुसरा पतंग का?

असेलच असं नाही. पंखावरची सगळी नक्षी ही खवल्यांची असते आणि खवले झडतात. काही रात्री वाऱ्यात, गवतात, दिव्याच्या काचेवर आपटत घालवलेला पतंग आणि कालच कोषातून निघालेला पतंग या दोघांत फार फरक पडतो. जुन्या पतंगाची किनार फाटलेली असते, छातीवर टक्कल पडलेलं असतं, आणि कट्यारीच्या जागी फिकट सावली तेवढी उरते.

यात मीही तोंडघशी पडलो आहे. अशाच एका झिजलेल्या पतंगाला मी मोठ्या खात्रीने ॲग्रोटिस सेगेटम म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच पतंगाचा बाजूने काढलेला फोटो आला. तिरप्या उजेडात काजूच्या पलीकडे कट्यारीचं बूड स्पष्ट दिसत होतं. तेव्हापासून पंख झिजलेला असला की मी प्रजातीचं नाव न देता "ॲग्रोटिस, बहुधा इप्सिलॉन" एवढंच लिहितो. "बहुधा" लिहिण्यात कमीपणा नाही.

कोणाकोणाशी गल्लत होते?

सर्वांत जास्त भावकीतल्याशीच, म्हणजे ॲग्रोटिस सेगेटमशी. तो थोडा लहान, रंगाने जास्त एकसारखा, आणि काजूचा ठिपका गडद असला तरी त्याला कट्यार फुटलेली नसते. सेगेटमच्या नराचे मागचे पंख स्वच्छ पांढरे असतात. युरोपात ॲग्रोटिस एक्स्क्लमेशनिस हाही गोंधळ घालतो. त्याच्या पंखावर जाड काळी रेघ असते खरी, पण ती काजूच्या आतल्या बाजूला, अंगाकडे. कट्यार काजूच्या कोणत्या बाजूला आहे एवढं पाहिलं तरी भांडण मिटतं.

पेरिड्रोमा सॉसिया आकाराने आणि बसण्याच्या ढबीने फार जवळचा. त्याचे मागचे पंखही मोत्यासारखे. कट्यार नाही, म्हणून सुटतो.

भावकीबाहेरचे पतंग एकदा पाहिले की डोक्यातून जात नाहीत. स्पोडोप्टेरा लिट्युराच्या पंखावर फिक्या रेघांचं आडवंतिडवं जाळं असतं, जणू तपकिरी कागदावर कोणी खडूने रेघोट्या मारल्यात. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा पिवळट ते फिका तपकिरी. मागच्या पंखाच्या कडेला रुंद काळपट पट्टा आणि त्यात फिका डाग. मिथिम्ना सेपरेटा वाळल्या गवताच्या रंगाचा, पंखाच्या मध्यावर एक पांढरा बिंदू आणि टोकापासून आत येणारी तिरकी गडद रेघ.

नावासाठी फोटो कसा काढावा?

वरून एक, बाजूने एक. शक्य असेल तर डोकं आणि मिशा जवळून. फ्लॅश थेट मारला की खवले चमकतात आणि सगळा पतंग एकसारखा तपकिरी होऊन बसतो. त्यापेक्षा बॅटरी बाजूला धरून तिरपा उजेड टाका. मापासाठी शेजारी पट्टी किंवा पेनाचं टोपण ठेवा. आणि फिल्टर लावू नका! रंग "खुलवलेला" फोटो कौतुकाला चांगला. ओळखायला त्याचा उपयोग नाही.

नर आणि मादी वेगळे ओळखता येतात का?

येतात, मिशांवरून. नराच्या मिशांना बुडाकडच्या भागात दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखे बारीक दाते असतात. मादीच्या मिशा साध्या, दोऱ्यासारख्या. साधं भिंग पुरतं. नराचे दाते मादीचा गंध पकडायला असतात. या प्रजातीच्या कामगंधात (झेड)-७-डोडेसिनिल ॲसिटेट हे एक मुख्य रसायन आहे, आणि सापळ्यात लावायच्या गंधगोळीत तेच इतर दोन घटकांसोबत वापरतात. म्हणून गंधसापळ्यात फक्त नर येतात. सापळ्यात मादी नाही म्हणजे परिसरात मादी नाही असा अर्थ काढू नका.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. कोषातून नुकताच निघालेला नर या गंधाकडे ढुंकूनही पाहत नाही. काही दिवसांनी, शरीरातल्या संप्रेरकांमुळे तो वयात आला, की तोच गंध त्याला वेड लावतो. मीलन झालं की त्या रात्रीपुरतं पुन्हा दुर्लक्ष, आणि पुढच्या रात्री पुन्हा शोध सुरू. गंध तोच असतो, मिशाही त्याच. बदल मेंदूत होतो. किड्यांच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी या पतंगावर वर्षानुवर्षं प्रयोग केले ते यामुळेच.

"इप्सिलॉन" हे नाव कशावरून?

ग्रीक अक्षरावरून. पंखावरच्या काळ्या खुणांचा आकार रोमन वाय किंवा ग्रीक इप्सिलॉनसारखा दिसतो म्हणून. जुन्या लिखाणात शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग वायने सुरू झालेलं आढळेल, प्रजाती तीच. इंग्रजीत पतंगाला डार्क स्वॉर्डग्रास आणि अळीला ब्लॅक कटवर्म म्हणतात. एकाच जिवाची दोन नावं, आणि त्यामुळे दोन वेगळे किडे आहेत असं समजणारे कितीतरी जण भेटतात.

जुन्या पुस्तकात याच कुळात मोठमोठे रंगीत पतंग दाखवलेत. ते खरं का?

पूर्वी खरं होतं. गुणसूत्रांतल्या मजकुराची तुलना सुरू झाल्यावर २०१० च्या आसपास त्यातले बरेच गट उचलून एरेबिडी नावाच्या कुळात नेले गेले. एरंडावरचा पतंग, फळांतला रस शोषणारे पतंग हे सगळे आता तिकडे. तरीही नॉक्टुइडीत सुमारे १२ हजार प्रजाती उरल्या आहेत. इप्सिलॉन पूर्वीही तिथेच होता, आजही तिथेच आहे.

दिवसा तो कुठे असतो?

पालापाचोळ्यात, ढेकळांच्या फटीत, गवताच्या बुडाशी, नाहीतर दारामागे. हलत नाही. तपकिरी रंगाचा उपयोग तिथे होतो.

आणि रात्री?

अंधार पडला की आधी जागच्या जागी थरथरतो. घाबरून नव्हे, उडण्याआधी छातीतले स्नायू तापवून घेतो. पंख न फडकवता स्नायू कंप पावत राहतात, छाती गरम होते आणि मग एकदम झेप. थंडीत ही तयारी लांबते. छातीवरची ती लोकर इथे कामाला येते, आतली ऊब टिकवून धरते.

त्यानंतर फुलं. लांब सोंड उलगडून मध पितो. फुलांवर बसलेला असताना त्याच्यावर बॅटरीचा झोत टाका. डोळे निखाऱ्यासारखे लालसर-केशरी चमकतात. डोळ्याच्या तळाशी उजेड परतवणारा थर असतो. एकदा निसटलेला उजेड पुन्हा डोळ्यातून जातो. आंबलेल्या गोड पाकाचं आमिष झाडाच्या खोडाला फासलं तरी हे पतंग येतात, आणि दिव्यापेक्षा तिथे ते जास्त शांत बसतात. निरीक्षणाला मला तीच पद्धत आवडते.

दिव्याभोवती घिरट्या का घालतो? उजेड आवडतो म्हणून?

चंद्राला धरून दिशा ठरवणारा पतंग दिव्याला चंद्र समजतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उडणाऱ्या किड्यांच्या हालचाली वेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्या, आणि वेगळंच चित्र दिसलं. किडे दिव्याकडे तोंड करत नव्हते, पाठ करत होते. रात्री आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असतं, त्यामुळे उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सुलटे आहोत हे उडणाऱ्या किड्याला कळतं. दिवा बाजूला आला की तो कलतो, वळतो, पुन्हा कलतो, आणि त्या फेऱ्यांत अडकतो. दिवा खाली असेल तर चक्क उलटा होऊन पडतो. सगळ्यांचं असंच होतं असंही नाही: कण्हेरीवर वाढणारा हिरवा ससाणा-पतंग त्याच प्रयोगात दिव्यावरून सरळ उडून गेला.

वटवाघळं यांना खात नाहीत का?

खातात, पण पतंगाला त्यांचा आवाज ऐकू येतो. मागच्या पंखांच्या बुडाशी, छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक कान असतो, आणि प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त दोन. केनेथ रोडर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात या दोन पेशी काय करतात ते तपासलं. वटवाघूळ लांब असेल तर पतंग दिशा बदलून निघून जातो. अगदी जवळ आलं तर पंख मिटून धोंड्यासारखा खाली पडतो. चाव्यांचा जुडगा पतंगाजवळ खुळखुळवून पाहा. त्यात आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाज असतात, आणि उडणारा पतंग एकदम गिरकी घेतो.

याच कुळातल्या पतंगांच्या कानात एक कोळीवर्गी सूक्ष्म जीव, माइट, बिऱ्हाड करतो. त्याने कानाचा पडदा फाटतो, कान जातो. पण हे माइट एकाच कानात राहतात. पहिल्या मादीने जो कान निवडला, मागून येणाऱ्या सगळ्या तिच्या मागावरून त्याच कानात. दुसरा कान शाबूत. दोन्ही गेले तर पतंग वटवाघळाच्या तोंडी जाईल आणि सोबत बिऱ्हाडही. माइटला एवढं गणित कळत नसेल, पण ज्यांनी दोन्ही कान खाल्ले त्यांचा वंश फारसा उरला नसावा.

अंडी कुठे घालतो?

मादी साधारण १,२०० ते १,९०० अंडी घालते. जागेच्या निवडीबद्दल मात्र गैरसमज आहे. उघड्या, नांगरलेल्या मातीत तिला रस नसतो. जमिनीलगत वाढणारं दाट तण, मागच्या पिकाचे अवशेष, गवताचे झुबके तिला हवे असतात. अंडं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, घुमटासारखं, वर उभ्या कंगोऱ्यांची नक्षी. आधी पांढरं, पुढे तपकिरी होत जातं. ३ ते ६ दिवसांत अळी बाहेर.

म्हणजे पीक उगवायच्या आधीच अंडी तणावर पडलेली असतात. पेरणीसाठी तण काढलं की अळ्यांचं अन्न जातं आणि समोर येतात ती कोवळी रोपं. "काल शेत स्वच्छ केलं आणि आज अळी आली" असं वाटतं. अळी आधीपासून तिथेच होती.

अळी कशी ओळखायची?

करडी ते काळपट, पोटाकडे फिकी, आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. म्हणून काही ठिकाणी तिला तेलकट कटवर्म असंही नाव आहे. पूर्ण वाढीला ४५ ते ५० मिलिमीटर. हात लावला की इंग्रजी सीसारखी वेटोळं करून पडून राहते.

भिंगाखाली कातडी खडबडीत दिसते, वाळूचे गोल कण बसवल्यासारखी. भावकीतल्या दुसऱ्या अळ्यांपासून वेगळी काढायची तर पोटाच्या वळ्यांवर, पाठीच्या मध्यरेषेशेजारी पाहा. प्रत्येक बाजूला दोन काळे उंचवटे असतात, एक पुढे आणि एक मागे. इप्सिलॉनमध्ये पुढचा उंचवटा मागच्याच्या जेमतेम एक तृतीयांश. भिंग हातात असताना ही खूण चुकत नाही. भिंग नसेल तर पाळून पतंग निघेपर्यंत थांबणं बरं.

रोप बुडातून कापलं जातं, पण तिथे अळी दिसत नाही. मग नक्की तिनेच कापलं का?

बोटाने माती उकरा. कापलेल्या रोपाच्या आसपास, वरच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये, ती बहुतेक वेळा वेटोळं घालून पडलेली मिळते. सकाळी लवकर गेलात तर खूण आणखी सोपी: कापलेल्या रोपाचं देठ मातीतल्या एका भोकात अर्धवट ओढलेलं असतं, पानं बाहेर मान टाकून. ओलसर, भुसभुशीत मातीचं एक बोळकं, आणि त्यात रोपाच्या बुंध्याला तोंड लावून ती.

लहानपणी ती असं करत नाही. पहिल्या तीन अवस्थांत (एकदा कात टाकण्यापासून पुढच्या कातीपर्यंत एक अवस्था) पानावरच राहते, बारीक भोकं पाडते. साधारण चौथ्या अवस्थेपासून दिवसा मातीत लपणं आणि रात्री बुडातून कापणं सुरू होतं. एकूण अवस्था बहुधा ६ किंवा ७. एका अळीला आयुष्यभरात ४०० चौरस सेंटिमीटरहून जास्त पान लागतं, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के ती शेवटच्या एका अवस्थेत खाते. तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, हे काही नवल नाही.

मका, कापूस, बटाटा, तंबाखू, कोबी, टोमॅटो, हरभरा, शिवाय आखूड कापलेली हिरवळ. तिला फार नखरे नाहीत.

सापळ्यात पतंग आले. रोपं कधी कापली जातील?

हे उष्णतेवर ठरतं. वाढ साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर सुरू होते. अमेरिकेच्या मका पट्ट्यात हिशेब असा ठेवतात: गंधसापळ्यात दोन रात्रींत आठ-नऊ नर आले की त्या दिवसापासून मोजणी सुरू. रोजच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि उरलेले अंश रोज बेरजेत घालायचे. बेरीज १६७ च्या आसपास पोचली की अळ्या रोपं कापण्याएवढ्या मोठ्या झालेल्या असतात. दिवसाची सरासरी २० अंश असेल तर रोज १० जमा, म्हणजे सुमारे १७ दिवस. गारठा असेल तर तेच अंतर महिन्यावर जातं.

पतंग उडताना दिसतात तेव्हा शेतात काहीच बिघडलेलं नसतं, आणि रोपं पडायला लागतात तोवर ते पतंग मेलेले किंवा दूर गेलेले असतात. म्हणून पतंग ओळखता येण्याला किंमत आहे. तारीख लिहून ठेवा.

मग उपाय काय?

तण लागवडीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी काढा, म्हणजे अंडी आणि छोट्या अळ्या उपाशी मरतात. आदल्या दिवशी काढून उपयोग नाही. मोजकी रोपं असतील तर प्रत्येकाभोवती पुठ्ठ्याचं कडं मातीत काही सेंटिमीटर रोवून उभं करा, किंवा रात्री बॅटरी घेऊन अळ्या वेचा. स्टाइनर्निमा कार्पोकॅप्सी हा सूत्रकृमी ओल्या मातीत चांगलं काम करतो. संध्याकाळी सोडायचा, कारण उन्हात तो टिकत नाही. मातीवर पळणारे काळे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका, तेही अळ्या खातात.

काही दिवस फार दिसतात आणि मग एकही नाही. असं का?

कारण ते निघून गेलेले असतात. हा पतंग लांबचा प्रवासी आहे. उत्तर अमेरिकेत तो मेक्सिकोच्या आखाताजवळच्या उबदार भागातून वसंतात दक्षिणेच्या वाऱ्यावर स्वार होऊन वर मका पट्ट्यात येतो. खुणा करून सोडलेले नर काही रात्रींत हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर सापडले आहेत. चीनमध्ये बोहाई सामुद्रधुनीतल्या एका छोट्या बेटावर, आकाशात झोत टाकणाऱ्या दिव्यांच्या सापळ्यात तो सापडतो, समुद्र ओलांडत असताना. तिथल्या पतंगांच्या अंगावर आणि सोंडेवर परागकणही मिळाले. म्हणजे येताना कोणत्या फुलांवर थांबला ते सांगता येतं, आणि परागीभवनाला त्याचा हातभार लागतो हेही.

त्याचा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद, बोगाँग पतंग म्हणजे ॲग्रोटिस इन्फ्यूसा, याहून पुढे गेला आहे. उन्हाळा टाळायला तो हजार किलोमीटरपर्यंत उडून डोंगरातल्या थंड गुहांत जातो आणि भिंतींवर कौलांसारखा एकावर एक बसतो, एका चौरस मीटरमध्ये सुमारे १७ हजार. दिशा ठरवायला तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि तारे दोन्ही वापरतो. २०२१ पासून तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यातल्या प्रजातींत आहे. एक भाऊ शेतकऱ्यांना नकोसा, दुसऱ्याला वाचवायची धडपड, दोघंही तपकिरीच.

कपडे खातो का? चावतो का?

नाही आणि नाही. कपडे खाणारे पतंग वेगळ्या कुळातले, आणि तिथेही खाणारी असते ती अळी. इप्सिलॉनला जबडा नाही, सोंड आहे. हाताला लागते ती भुकटी म्हणजे खवले.

अळी पाळून पतंग काढता येईल का?

येईल, आणि नाव पक्कं करायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. झाकणाला जाळी असलेला डबा, चार-पाच बोटं ओलसर माती, रोज ताजी पानं. एका डब्यात एकच अळी ठेवा. हे मी पैज लावून सांगतो, कारण पहिल्यांदा मी पाच अळ्या एकत्र ठेवल्या होत्या. पानं भरपूर होती. तिसऱ्या सकाळी दोन उरल्या, आणि मातीत एक रिकामी, सुरकुतलेली कातडी. मोठ्या अळ्या जागेत दुसरी कोणी आली की तिलाच खातात.

अळी खाणं थांबवून मातीत शिरली की डबा हलवू नका. ३ ते १२ सेंटिमीटर खोलीवर ती मातीचं घर करते आणि त्यात १७ ते २२ मिलिमीटरचा चकचकीत तपकिरी कोष होतो. साधारण १२ ते २० दिवस. डब्यात एक उभी काडी मात्र आधीच खोवून ठेवा. पतंग बाहेर येतो तेव्हा पंख चुरगळलेल्या चिंध्यांसारखे असतात, आणि लटकायला जागा मिळाली नाही तर ते तसेच वाळून कायमचे वाकडे राहतात. काडीवर चढल्यावर तो पंखांत द्रव भरतो आणि ते डोळ्यांदेखत खाली उलगडत जातात. नक्षी त्या चिंध्यांवर आधीपासून दाटीने छापलेली असते. पंख ताणला जातो तशी कट्यार लांब होत जाते. पंख कडक झाले की शेपटाकडून गढूळ तपकिरी थेंब टाकतो. त्याला रक्त समजू नका. फोटो त्याच वेळी काढा, झाकण उघडायच्या आधी. एक खवलाही झडलेला नाही असा इप्सिलॉन पुन्हा दिव्यावर मिळायचा नाही.